बालीहून आणलेलं चितेचं चित्र हॉलमध्ये लावायचं का?

प्रश्न : ताई नमस्कार, तुमचं सदर नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं बालीला गेलो होतो. उबूदला मार्केटजवळ एका छोट्या दुकानातून मी एक पेंटिंग घेतलं, १२ लाखांना, म्हणजे त्यांचे रुपिया, आपले साधारण सहा-सात हजार होतात. मला वाटलं कसली तरी जत्रा आहे, कारण आपल्याकडे रथ असतो तसा एक उंच रथ आहे, मोठा काळा बैल, लांबलचक नाग, प्रचंड गर्दी आणि मागे जाळ. मिस्टर म्हणाले रावणदहनासारखं काहीतरी असणार, धनुष्यबाणवाला माणूस पण आहे त्यात. घरी आल्यावर मुलीने मोबाइलवर शोधलं आणि म्हणाली, आई हे राजाच्या अंत्यसंस्काराचं चित्र आहे. झालं, सासूबाई म्हणाल्या हे आपल्या हॉलमध्ये लागणार नाही. सासरे जाऊन दीड वर्ष झालंय. चित्र अजून नळीतच आहे. हे नक्की काय आहे, खरंच राजाचं आहे का, आणि घरात लावलं तर चालतं का, हे सांगाल का? फोटो जोडलाय.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, मी तो मोठा करून करून पाहिला. तुमच्या मुलीचं बरोबर आहे. बालीत हिंदू माणसाच्या दहनसंस्काराला न्गाबेन म्हणतात आणि तोच राजघराण्यातल्या माणसाचा असला की पलेबोन. तुमच्या चित्रात पलेबोन आहे.

कशावरून म्हणते, तर रथाची छतं मोजा. तो रथ नाहीये खरं तर, त्याला चाकं नसतात, खाली बांबूची मोठी जाळी असते आणि माणसं ती खांद्यावर घेऊन चालतात. त्याला म्हणतात बदे. बालीतल्या देवळांवर एकावर एक छतं रचलेली तुम्ही पाहिली असतील, त्याला ते मेरू म्हणतात, हो, आपलाच मेरू पर्वत. बदे म्हणजे बांबू, लाकूड, कापड आणि कागदाचा केलेला तसाच मेरू, आणि त्याची छतं नेहमी विषम संख्येत असतात, माणसाच्या दर्जाप्रमाणे कमी-जास्त, सगळ्यात मोठा मान अकराचा. तुमच्या चित्रात मी मोजली, अकरा आहेत. सगळ्यात खाली कासव दिसतंय, त्याला विळखा घातलेले नाग आहेत, म्हणजे पाताळ, त्याच्या वर झाडं-डोंगर म्हणजे आपली पृथ्वी, आणि छतं म्हणजे वरचे लोक. या मधल्या जागेत, छतांच्या खाली, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला देह ठेवतात, म्हणजे माणूस पृथ्वी आणि स्वर्ग यांच्या मधोमध. अख्खं ब्रह्मांड खांद्यावर घेऊन लोक चाललेत असं आहे ते.

दुसरी खूण म्हणजे नाग. त्याला नागबंद म्हणतात आणि तो सगळ्यांच्या नशिबात नसतो, फार वरच्या राजघराण्यांनाच त्याचा मान आहे. आणि तुमच्या मिस्टरांना जो राम वाटला ना, पांढऱ्या कपड्यातला, धनुष्य घेतलेला, तो पदंड आहे, म्हणजे तिथला ब्राह्मण पुरोहित. तो नागाला बाण मारतो. त्यांच्याकडे गोष्ट सांगतात की एका राजाने पुरोहिताची परीक्षा घ्यायची म्हणून खड्ड्यात हंस लपवला आणि विचारलं आत कसला आवाज येतोय, तर पुरोहित म्हणाला नागाचा. दरबार हसला, आणि खड्डा उघडला तर खरोखर नाग निघाला. राजाला आपली चूक कळली, आणि तेव्हापासून राजाच्या शेवटच्या प्रवासात नाग आणि त्याला बाण मारून सोडवणारा पुरोहित आले. बाण म्हणजे मारणं नाही, बंधन तोडणं, आत्म्याला वाट दाखवायला नाग पुढे जातो.

तिसरा तो काळा बैल, लेम्बू. त्याला नुसतं वाहन समजू नका, तीच चिता आहे. लाकडाचं कोरलेलं पोकळ धूड, वरून मखमलीसारखं कापड आणि सोनेरी दागिने. स्मशानात पोचल्यावर देह बदेवरून उतरवतात, बैलाची पाठ झाकणासारखी उघडतात, देह आत ठेवतात, त्यावर तीर्थ ओततात, भरपूर, आणि मग अग्नी देतात. हो, ते पण तीर्थच म्हणतात. आत्मा, पितर, पंचमहाभूतं, यज्ञ, हे सगळे शब्द तिथल्या लोकांच्या तोंडात आहेत, या विधीला ते पितृयज्ञातच धरतात. तुमच्या सासूबाईंना हे जरूर सांगा, त्यांना त्या गर्दीतली माणसं परकी वाटणार नाहीत.

आता एक गोष्ट चित्र बघताना लक्षात घ्या, सगळं एकाच वेळी घडत नाही. आधी नागाला बाण, मग मिरवणूक, मग स्मशान, मग जाळ. चित्रकाराने सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा सगळा दिवस एका कॅनव्हासवर आणलाय, त्यामुळे नीट बघितलं तर बैल दोनदा आहे, एकदा डावीकडे खांद्यावर आणि एकदा उजवीकडे जळताना. तुम्ही तो दुसरा बैल समजला असाल, तो तोच आहे.

हे कुठल्या एका राजाचं चित्र आहे का, असं विचारलंत. खाली सही आहे आणि "उबूद, बाली" एवढंच लिहिलंय, त्यामुळे त्याला कुठल्या एका राजाच्या नावाने बांधू नका, तिथल्या चित्रकारांचा हा वर्षानुवर्षांचा विषय आहे. पण काल्पनिक मात्र बिलकुल नाही. उबूदमध्ये हे आजही होतं. १५ जुलै २००८ ला उबूदच्या राजघराण्याचे प्रमुख चोकोर्दा गदे आगुंग सुयासा यांचं पलेबोन झालं, त्यांचं निधन मार्चमध्येच झालं होतं, पण चांगला दिवस आणि सगळी तयारी यात साडेतीन महिने गेले आणि तोपर्यंत देह राजवाड्यातच ठेवला होता. त्यांचा बदे सुमारे २८ मीटर उंच होता, म्हणजे आपल्याकडची नऊ मजली बिल्डिंग, वजन ११ टन. तो जाणार म्हणून रस्त्यावरच्या विजेच्या तारा काढून ठेवल्या. आणि मला सगळ्यात भावलेली गोष्ट ही की त्याच सोहळ्यात ६८ सामान्य माणसांचंही दहन झालं, ज्यांच्या घरच्यांना एकट्याने खर्च झेपला नसता. तिथे साधारण घरात माणूस गेला की बऱ्याचदा आधी पुरतात, पैसे जमेपर्यंत, किंवा गावाचं मिळून सामुदायिक न्गाबेन होईपर्यंत, मग अस्थी काढून दहन करतात. कधीकधी यात पाच-सात वर्षंही जातात.

मी स्वतः राजाचं नाही पाहिलं, पण काही वर्षांपूर्वी उबूदच्या पलीकडे एका गावात साधा न्गाबेन पाहिलाय, बदे छोटाच होता, बैलही माझ्या उंचीचा असेल. गल्लीतून तो धावत येतो, चालत नाही हां, धावत, झांजा आणि घंटांचा कानठळ्या बसवणारा आवाज, पोरं ओरडतायत, कोणीतरी होजपाइपने त्यांच्यावर पाणी उडवतंय, आणि चौक आला की बदे गरागरा तीन वेळा फिरवतात, का तर आत्म्याची दिशाभूल व्हावी, त्याला परत घरी यायची वाट सापडू नये. मी एका भिंतीला चिकटून उभी होते, तेवढ्यात लेसचा पांढरा ब्लाउज आणि कमरेला पिवळं उपरणं बांधलेल्या एका बाईने माझ्या हातात पुठ्ठ्याचा छोटा खोका दिला, आत भाताचं काहीतरी गोड आणि झाकण लावलेला पाण्याचा प्लास्टिकचा कप. मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये मी विचारलं, कोण गेलं? म्हणाली, माझे वडील. चार वर्षांपूर्वी गेले, आज मोकळे होतायत. आणि हसली. मला काही बोलताच येईना. स्मशानात तर गॅसचा बर्नर लावला होता, त्याचा घरघर आवाज, बाजूला पोरं आइस्क्रीम खातायत, आणि ती बाई पाय पसरून नातेवाइकांबरोबर गप्पा मारत बसलेली. रडायचं नसतं त्या वेळी, डोळ्यातल्या पाण्याने जाणाऱ्याचा पाय अडतो असं मानतात. संध्याकाळी राख निवल्यावर मात्र तिने अस्थी स्वतःच्या बोटांनी वेचल्या, एकेक करून, पाण्यात धुतल्या, तेव्हा ती हसत नव्हती. अस्थी पिवळ्या शहाळ्यात घालून पाण्यात सोडतात, समुद्र जवळ असेल तर समुद्रात. त्यानंतर अजून एक विधी असतो आणि मग तो माणूस घरच्या देवळीत पितर म्हणून येऊन बसतो, रोज त्याला फुलं मिळतात. घराबाहेर काढताना वाट विसरावी म्हणून चौकात फिरवलं, आणि शेवटी देव करून परत घरातच आणलं.

म्हणून ताई, अशुभ आहे का याला माझं सरळ उत्तर आहे की नाही. पण लावायचं का, याला मी तेवढं सरळ उत्तर देणार नाही. तुमच्या सासूबाईंना तुम्ही अंधश्रद्ध म्हणू नका, त्यांनी दीड वर्षापूर्वी खरा जाळ पाहिलाय. तुम्हाला त्या चित्रात रंग दिसतात, त्यांना तो दिवस दिसतो. रोज चहा घेताना समोर तो असावा असं कुणाला वाटेल? आधी चित्र नळीतून काढा, गादीवर पसरा, त्यांना शेजारी बसवा आणि छतं मोजायला सांगा, बैल दोनदा आहे ते शोधायला सांगा, शहाळ्यातल्या अस्थींचं सांगा, पितर घरी परत येतात ते सांगा. मग त्या जे म्हणतील ते मान्य करा. हॉल नको म्हणाल्या तर तुमच्या खोलीत लावा, मुलीच्या अभ्यासाच्या टेबलापाशी लावा, शोधून काढणारी तीच आहे. आणि त्यांना अजून वेळ हवा असेल तर थांबा, बालीतली माणसं वर्षानुवर्षं थांबतात.

प्रश्न : मी पुण्यात फाइन आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बालीच्या अशा अंत्यसंस्कारांच्या जुन्या चित्रांमध्ये बायका आगीत उडी मारताना दाखवल्यात, एक जुनं एन्ग्रेव्हिंग पाहिलं होतं. मग आत्ताच्या पेंटिंग्जमध्ये ते का नाही? आणि चित्रकार ही शैली शिकले कुठे?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : तू पाहिलेलं एन्ग्रेव्हिंग बहुतेक डचांच्या पहिल्या सफरीच्या वृत्तांतातलं असणार. कॉर्नेलिस द हौटमनची जहाजं १५९७ मध्ये बालीला पोचली आणि वर्षभरात त्या प्रवासाचं सचित्र पुस्तक नेदरलँड्समध्ये छापलं. त्यात आगीत झेपावणारी बाई आहे आणि शेजारी वाद्यं वाजवणारी माणसं. ती प्रथा खरीच होती, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. राजा गेला की त्याच्या काही राण्या आणि दासी चितेत जायच्या, त्याला ते सत्य असाच शब्द वापरायचे, आपल्या सतीच्याच कुळातला. १८४७ मध्ये हेल्म्स नावाच्या एका डॅनिश तरुणाने बालीतल्याच ग्यान्यार राज्याच्या राजाचं दहन बघितलं आणि लिहून ठेवलं, तीन बायका उंच माचीवरून खालच्या आगीत गेल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर एक पारवा बांधलेला, उडी मारताना तो सुटून उडायचा, आत्मा गेला म्हणून. आणि भोवती हजारोंची नटलेली, आनंदी गर्दी. ते वर्णन मी एकदाच वाचलं, परत वाचावंसं वाटलं नाही, कारण ती गर्दी म्हणजे मी पाहिलेल्याच गर्दीचे पूर्वज. १९०३ मध्ये ताबाननच्या राजाबरोबर दोन बायका गेल्या, त्यानंतर डचांच्या दबावाने हे थांबलं. तेच डच पुढे १९०६ मध्ये बादुंगवर आणि १९०८ मध्ये क्लुंगकुंगवर चालून गेले आणि राजघराणी तोफांसमोर पांढरे कपडे घालून चालत गेली आणि मेली, हेही तेवढंच खरं, त्यामुळे त्यांना सुधारक वगैरे म्हणायची घाई करू नकोस.

आता चित्रांचं. आपण दुकानात बघतो ती अंत्ययात्रेची पेंटिंग्ज फार जुनी नाहीत. १९३० च्या आधी बालीचा चित्रकार देवळासाठी आणि राजवाड्यासाठी काढायचा आणि विषय असायचे रामायण, महाभारत, त्यांच्या पांजी राजपुत्राच्या कथा. क्लुंगकुंगजवळच्या कामासान गावची ती शैली, कापडावर, चेहरे सगळे छायाबाहुल्यांसारखे, तू आपल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिल्या असशील तर पटकन ओळखशील. क्लुंगकुंगच्या कर्ता गोसा या न्यायमंडपाचं छत जमलं तर बघून ये, त्यावर भीमस्वर्ग आहे, भीम आपल्या वडिलांचा आणि माद्रीचा आत्मा सोडवायला यमलोकात जातो ती गोष्ट. आपल्याकडच्या महाभारतात माद्री पांडूच्या चितेत जाते आणि विषय संपतो, यांनी तिला आणायला भीमाला पाठवलं, तोही कुंतीचा मुलगा, सावत्र आईसाठी. मी त्या छताखाली मान वर करून इतका वेळ उभी होते की गाइड कंटाळून निघून गेला.

मग १९२७ मध्ये जर्मन चित्रकार वॉल्टर श्पीस उबूदला आला, १९२९ मध्ये डच चित्रकार रुडॉल्फ बॉनेट, आणि स्थानिक चित्रकार रोजचं जगणं काढायला लागले, शेती, बाजार, नाच आणि अर्थात न्गाबेन. १९३६ मध्ये उबूदच्या चोकोर्दा गदे आगुंग सुकावतींबरोबर त्यांनी पिता महा नावाचा संघ काढला, पितामह म्हणजे. सगळं श्रेय त्या दोन युरोपियन माणसांना देतात ते मला खटकतं, कारण त्याच संघात गुस्ती न्योमान लेम्पाद होता, आणि लेम्पाद हा चित्रकार असण्याआधी उंडगी होता, म्हणजे देवळं, घरं आणि हेच दहनाचे मनोरे उभारणारा कारागीर. महिनोन् महिने खपून बदे बांधायचा आणि एका दुपारी तो जळताना बघायचा. त्याच्या शाईच्या रेघेत जी खात्री आहे ती मला तिथूनच आलेली वाटते. तो १९७८ मध्ये गेला तेव्हा शंभरी पार केलेला होता असं म्हणतात. सांगलीच्या ताईंचं चित्र मात्र लेम्पादच्या घराण्यातलं नाही, सपाट भडक रंग आणि बिनचेहऱ्याची छोटी माणसं, हे १९६० नंतर उबूदजवळच्या पेनेस्तानान गावच्या पोरांनी सुरू केलेलं वळण आहे, आरी स्मिट नावाच्या डच चित्रकाराने त्यांना रंग आणून दिले आणि काय काढायचं ते त्यांच्यावर सोडलं.

सती आत्ताच्या पेंटिंग्जमध्ये का नाही, तर हे चित्रकार डोळ्यांसमोर जे घडतं ते काढतात आणि त्यांच्या आजोबांनीही ते बघितलेलं नाही. तू मात्र डोक्यात दोन्ही चित्रं शेजारी ठेव.

प्रश्न : बालीहून आणलेलं कॅनव्हास सहा महिने गुंडाळून ठेवलंय, आम्ही कोकणात राहतो, खराब होईल का? फ्रेम कशी करू?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : होईल, म्हणून आधी बाहेर काढा, पण पावसाळी दिवशी नको, कोरड्या उन्हाच्या दिवशी घरात सावलीत हळूहळू उलगडा. रंग तडकला असेल तर दाबून सपाट करायला जाऊ नका. परत गुंडाळायची वेळ आलीच तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर, सैल. फ्रेमवाल्याला सांगा की कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणून बसवायचंय, प्लायवर फेव्हिकॉलने चिकटवायचं नाही, हे दोनदा सांगा. अ‍ॅक्रिलिकला काच लागत नाही, आणि तुमच्या हवेत काचेच्या आत बुरशी धरते. मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे लावून घ्या म्हणजे चित्र आणि भिंत यांच्यात हवा खेळेल, आणि पावसात ओल येते ती भिंत सोडून दुसरी निवडा. धूळ मऊ ब्रशने, ओलं फडकं अजिबात नाही. आणि फ्रेमची पट्टी खालच्या कोपऱ्यावर किती येते ते बघून घ्या, तिथे चित्रकाराने स्वतःचं आणि गावाचं नाव लिहिलेलं असतं, ते झाकलं जाता कामा नये.